एक नंबरची बाटली

फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, एकात एक घातलेल्या तीन पिशव्यांच्या आत चोवीस बाटल्या होत्या. चोवीसच असायला हव्या होत्या, त्यामुळे मैत्रेयी निर्धास्तपणे चहाकडे वळणार होती. पण बाटल्या मोजल्या की त्यांच्यावरचे आकडेही वाचायचे, ही तिची सवय. आकडे दोन ते पंचवीस होते.

तिने पुन्हा वाचले. एक कुठेच नव्हता, आणि पंचवीस तिने कधी लिहिलाच नव्हता.

"आई, ही पंचवीस नंबरची कुणाची?"

"तुझ्या बाबांची," मधुमती कणीक मळता मळता म्हणाली. "डॉक्टरांनी शौच तपासून आणायला सांगितलंय ना. घरात तसली बाटली नव्हती, तुझ्या पाकिटातली एक घेतली. बाकी सगळ्यांना नंबर, ह्यांनाच नाही, ते काही बरं दिसेना. मग चोवीसच्या पुढचा घातला."

उरलेल्या तेवीस बाटल्यांत शहराबाहेर कानोत्याजवळच्या एका डुक्करपालन केंद्रातल्या पिल्लांची हगवण होती. मैत्रेयी एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी त्यात रोटाव्हायरस शोधत होती. कॉलेजातला फ्रिज आठवडाभर बंद होता, म्हणून मधुमतीने घरच्या फ्रिजमध्ये जागा दिली होती, तीही दोन अटींवर : पिशव्या तीन, आणि दह्यापासून लांब.

चाचणीची खळग्याखळग्यांची एकच प्लेट होती, ती आज दुपारी बाराला, एकदाच लागणार होती. नवं किट यायला महिना लागला असता आणि प्रबंध सोमवारी द्यायचा होता. एक नंबरचं पिल्लू पाच दिवसांचं, त्या वयाचं एकुलतं एक. आता तर ते बरं होऊन हुंदडत होतं. ती बाटली गेली की गेलीच.

तिने बाबांना मोबाइल लावला.

"बाबा, लॅबमध्ये कुठल्या नंबरची बाटली दिलीत?"

"एक नंबरची," दिलीपराव म्हणाले. तीस वर्षं बँकेत अधिकारी म्हणून काढल्यावर येतो तो शांत आवाज. "तुझ्या आईने सगळ्यांना नंबर घातलेले दिसले. मग घरात पहिला नंबर कुणाचा?"

मैत्रेयीने पंचवीस नंबर पिशवीत घातला आणि स्कूटी घरून, सोडाल्याहून, बनी पार्कच्या लॅबकडे पिटाळली.

दिलीपरावांचं पोट चार दिवस बिघडलेलं होतं, आणि त्यावरून घरात दोन पक्ष पडले होते. मधुमतीच्या मते कारण रविवारची प्याज कचोरी. दिलीपरावांच्या मते शनिवारची साबुदाण्याची खिचडी, कारण कचोरी त्यांनी खाल्लीच नव्हती. मैत्रेयीला खरं माहीत होतं. रविवारी त्यांनीच तिला गाडीने कानोत्याला नेलं होतं. तिथे, ती नको नको म्हणत असताना, सगळ्यात बारकं पिल्लू उचलून त्यांनी मांडीवर घेतलं होतं. "थंडी वाजतेय गं त्याला." परतताना गाडीतल्या फडक्याला हात पुसून त्यांनी दोन कचोऱ्या खाल्ल्या होत्या आणि "आईला बोलू नकोस" असं बजावलं होतं.

लॅबमध्ये दिलीपराव बाकावर बसले होते. हातात रिपोर्ट, चेहऱ्यावर निकाल लागल्याचा आनंद.

"बघ. न पचलेलं दूध. तेल नाही, मसाला नाही, कांद्याचा कणसुद्धा नाही. हे लॅमिनेट करून घेतो आणि आईसमोर ठेवतो."

काउंटरमागचे भगवानजी कौतुकाने म्हणाले, "अंकलजी का खाना बहुत सादा है. सिर्फ दूध."

"बाबा, हे तुमचं नाही."

"फॉर्मवर माझं नाव आहे."

"तुम्ही मांडीवर घेतलं होतं ना, त्याचं आहे."

दिलीपरावांनी रिपोर्ट मांडीवर ठेवला.

"ते बारकं? कसंय आता?"

"मस्त आहे. आईला ढुशा मारून दूध पितंय."

"हो का," ते म्हणाले, आणि रिपोर्टाची घडी खिशात सरकवू लागले.

"बाबा, तो द्या इकडे."

"दोनच दिवस ठेवतो. शास्त्राचं काय बिघडतंय त्याने?"

"आईची बिचारी खिचडी."

हे मात्र त्यांना लागलं. त्यांनी घडी उलगडून रिपोर्ट काउंटरवर ठेवला. मैत्रेयीने भगवानजींना सगळा प्रकार सांगितला. त्यांनी शांतपणे रजिस्टर उघडलं.

"मतलब इस पेशंट की उम्र सत्तावन नहीं?"

"पाँच दिन."

भगवानजींनी सत्तावन खोडलं, पाच दिवस लिहिलं, दिलीपरावांकडे एकदा पाहिलं आणि आत जाऊन हात धुऊन आले. बाटलीत निम्म्याहून जास्त नमुना शिल्लक होता. मैत्रेयीचा जीव भांड्यात पडला. पंचवीस नंबरमधला थोडा तिने तपासणीसाठी तिथे दिला आणि उरलेला कॉलेजच्या लॅबमधून टाकून द्यायचा म्हणून पिशवीत ठेवला.

तेवढ्यात दिलीपरावांचा मोबाइल वाजला.

"काय निघालं हो?" पलीकडून मधुमती.

"अजून यायचंय," दिलीपराव म्हणाले आणि फोन ठेवून लेकीकडे वळले. "तुझ्या त्या प्लेटमध्ये जागा आहे का गं एखादी? माझंही लाव. कचोरी की खिचडी, होऊन जाऊ दे एकदाचं."

"ती चाचणी कचोरी ओळखत नाही, बाबा. विषाणू ओळखते."

"मग तर मला काहीच भीती नाही."

प्लेटमध्ये जागा होत्या. रिकामी जागा वाया घालवणं मैत्रेयीला आईकडून आलेलंच नव्हतं. बारा वाजता तिने चोवीस पिल्लं ओळीने लावली, आणि शेवटी बाबा.

साडेतीनला यंत्राने आकडे छापले. ०.२ च्या वर आकडा गेला की विषाणू आहे असं धरायचं. तिने ते दोनदा वाचले आणि वहीत उतरवले.

चोवीस पिल्लांपैकी सात पॉझिटिव्ह. क्रमांक एक : १.४२. क्रमांक पंचवीस : १.३९.