प्रश्नांची आवक

पळसदरीच्या साईनाथ मास्तरांनी मुलांची जिज्ञासा वाढावी म्हणून विज्ञानाचे पुस्तक लिहायला घेतले. कामात पहिला अडथळा घरातल्याच जिज्ञासेचा आला. ती नऊ वर्षांची होती, नाव ऋतिका.

मास्तरांनी पेन उचलले की लेक दारात. "बाबा, खाचरात पाणी तुंबतं, मग भाताची मुळं कुजत नाय कशी?" तिला उत्तर देऊन पुन्हा वाक्य धरावे, तर "माथेरानची गाडी सरळ का नाय चढत?" प्रकाशकाने मुदत दिली होती दसऱ्याची. आषाढ सरला तरी पुस्तक प्रस्तावनेतच रुतलेले.

मास्तरांची बायको विनिता कर्जतला एका कचेरीत कारकून होती. तिला नवऱ्याची दया आली आणि तिने घरात व्यवस्था लावली. प्रश्न विहित नमुन्यात लिहून द्यायचा. शनिवारी चार ते पाच स्वीकारला जाईल. उत्तर तीस दिवसांत.

"पोरगी हाय का टपाल हाय गं?" सासू मोतीबाई कडाडल्या.

"आई, हरकत असेल तर लेखी द्या."

मोतीबाईंना लिहिता येत नव्हते. सबब, 'हरकत नाही' अशी नोंद झाली.

पहिल्या शनिवारी अकरा प्रश्न आले. दुसऱ्या शनिवारी चार. त्यातले दोन पालकाच्या सहीअभावी परत गेले, कारण पालक पुस्तक लिहीत होते. गणपती बोळवले तोवर आवक शून्यावर आली. घर असे शांत झाले की मास्तरांनी 'मुलांना विचारू द्या' हे प्रकरण एका बैठकीत हातावेगळे केले.

मग हस्तलिखित वाचून प्रकाशकाचा फोन आला. "भाषा झकास. पण मुलांचे खरे प्रश्न कुठायत? पन्नास तरी घाला, नायतर छापणं अवघड."

मास्तरांनी विनिताची नोंदवही उघडली. आवक क्रमांक होता, तारीख होती, 'निकाली' असा शेरा होता. प्रश्न लिहायला रकानाच नव्हता.

"मूळ अर्ज कुठे आहेत?"

"निकाली निघालेले कागद कोण ठेवतं?" विनिता म्हणाली.

मास्तरांनी लेकीला जवळ घेतले. "बाळा, विचार की गं काहीतरी."

"काय विचारू?"

"काहीपण. आधी विचारायचीस तसं."

ऋतिकाने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "आता प्रश्नच नाय पडत, बाबा," ती म्हणाली आणि गुणी मुलीसारखी पाढे लिहायला बसली.

 मग पन्नास प्रश्न मास्तरांनी स्वतःच रचले.

पुस्तकाचे प्रकाशन कर्जतला थाटात झाले. लिहायला वेळ कसा काढला, ते मास्तर भाषणात भोळेपणाने सांगून गेले. समारंभ संपताच आईबापांनी त्यांना गराडा घातला.

"सर, तो अर्जाचा नमुना मिळंल का?"

झेरॉक्सच्या दुकानापुढे रांग लागली. पुस्तकांचे गठ्ठे सुतळीसकट परत गेले.

वाचकहो, कर्जतकरांना हसू नका. तुम्ही हे वाचत असताना घरातले एक लहान माणूस दोनदा तुमच्यापाशी आले, आणि तुम्ही वर न बघता "थांब जरा" म्हणालात.

काय विचारत होते ते?