अकरा माणसांचा डबा

अंबादासनाना गायके करमाडला निघाले की अकरा माणसांचं जेवण बरोबर घेतात.

आमच्या छावणीमागच्या वसाहतीतून करमाडला पोचायला तास लागतो, फार तर सव्वा तास. तिथं त्यांची लेक दिलेली आहे. ती बापाला जेवू घातल्याशिवाय सोडत नाही आणि येताना पुन्हा काहीतरी बांधून देते. हे सगळं नानांना माहीत आहे. तरी सकाळपासून त्यांच्या घरातून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत असतो, आणि निघताना त्यांच्या दोन्ही हातांत स्टीलचे उंच डबे असतात.

"नाना, जावई उपाशी ठेवतो का?" मी एकदा विचारलं.

"जावई कशाला ठेवीन? गाडी ठेवती," नाना म्हणाले. "गाडी कवा थांबन, ते गाडीला बी ठाव नसतंय."

बस बंद पडली की आनंद होणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. एकदा मी त्यांच्यासोबत होतो. शेंद्र्याच्या अलीकडं टायर बसलं. प्रवासी कंडक्टरवर तुटून पडले. मीही उभा राहून प्रवाशांच्या हक्कांविषयी दोन वाक्यं बोललो. नानांनी मात्र, बोलावलेला पाहुणा वेळेवर यावा तशा समाधानानं खिडकीबाहेर पाहिलं आणि डब्याची कडी काढली.

"डायव्हरसाहेब, आधी तुम्ही. तुमचा हात थरथरला तर बाकीच्यांनी जेवून काय उपयोग?"

पिठलं, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. दहा मिनिटांत, ज्या बाई कंडक्टरवर सगळ्यात जास्त ओरडत होत्या, त्याच त्याला चटणी वाढत होत्या. माझं तिसरं वाक्य तोंडात भाकरी असल्यामुळं राहून गेलं.

बिडकीनच्या एका लग्नातली गोष्ट तर अजून निघते. साडेबाराचं लग्न. पुढाऱ्यांची भाषणं संपेनात. दीड वाजला. नाना मांडवाच्या मागच्या खांबाजवळ उठले, डबे उघडले आणि "टाइम झाला" एवढंच म्हणाले. बघता बघता रांग लागली. रांगेत नवरदेवाचा सख्खा भाऊ. नवरीचे मामा धावत आले.

"नाना, ही आमची बेइज्जती हाय. आतमंदी हजार माणसाचा सैपाक तयार हाय."

"हाय ना? मंग कुलपात कशाला ठेवला? त्यो काय दागिना हाय?"

मामांनी माईकवाल्याकडं जाऊन काहीतरी सांगितलं आणि चालू भाषण मध्येच संपलं. लोकशाहीत भाषण थांबवण्याचे मला माहीत असलेले सगळे मार्ग याहून लांबचे आहेत.

नाना फौजेत लांगरी होते. लांगरी म्हणजे जवानांचा स्वयंपाकी. हवालदार म्हणून निवृत्त झाले, छावणीमागं दोन खोल्या बांधल्या आणि एक वाजता घराबाहेर येऊन गल्लीकडं बघत "टाइम झाला" म्हणायची सवय तेवढी बरोबर आणली. आमच्या गल्लीत घड्याळं आहेत. ती आम्ही नानांवरून लावतो.

माझी आणि त्यांची ओळख पत्रकामुळं झाली. माझे वडील छापखान्यात कामाला. घरात पुस्तकं चार आणि पत्रकांचे गठ्ठे चाळीस. मी 'ज' शिकलो तो 'जाहीर'मधला आणि 'न' शिकलो तो 'निषेध'मधला. कॉलेजात गेल्यावर स्वतः लिहायला लागलो. शस्त्रांवरच्या खर्चाविरुद्धचं माझं एक पत्रक मी मुद्दाम नानांच्या हातात दिलं. फौजी माणूस भडकेल, वाद होईल, अशी माझी तयारी होती. नानांनी चष्मा लावला, उभ्या उभ्या दोन्ही बाजू वाचल्या.

"मोर्चा किती वाजता?"

"अकरा."

"सुटणार कवा?"

हे आम्ही ठरवलं नव्हतं.

"मान्सं किती?"

"पाचशे तरी येतील."

"अन् पाचशे मान्सायला दुपारी काय देणार?"

मी म्हणालो, "नाना, हा विचारांचा लढा आहे."

"व्हय, पन विचार करणाराला बी एक वाजता भूक लागती," असं म्हणून त्यांनी पत्रकाची व्यवस्थित घडी घातली. मोर्चाला सव्वाशे माणसं आली आणि एक वाजता त्यातली नव्वद निघून गेली. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक मोर्चात नाना डबे घेऊन हजर असतात आणि मला 'पत्रक' म्हणतात. "काय पत्रक, आज कुणाचा निषेध?" हा त्यांचा रामराम.

या अकरा माणसांचं गूढ मला बरेच दिवस उलगडलं नव्हतं. शेवटी एकदा सरळ विचारलं. तेव्हा त्यांनी विमानाची हकिकत सांगितली.

शांतिसेनेत त्यांची पलटण आफ्रिकेतल्या एका देशात चालली होती. आधी जाऊन राहुट्या आणि चुली लावायला एक छोटी तुकडी निघाली. सुभेदार धरून अकरा माणसं आणि बारावे लांगरी अंबादास. तुकडी साध्या प्रवासी विमानानं जाणार होती. वाटेत दोनदा विमान बदलायचं. नानांनी अकरा माणसांना दोन दिवस पुरतील एवढ्या दशम्या करून ठेवल्या होत्या. सुभेदारांनी गठुडं बघितलं आणि हुकूम दिला, "खाना विमानवाले देंगे. यह सब यहीं रहेगा." दशम्या दिल्लीच्या बराकीत राहिल्या. नानांच्या खिशात फक्त येसराची एक पुडी राहिली. धान्य आणि मसाले भाजून केलेलं ते पीठ बायकोनं घरून दिलेलं होतं. तपासणीत तिथल्या अंमलदारानं पुडी उघडून हुंगली आणि इतक्या शिंका दिल्या, की पुढच्या दोघांनी न हुंगताच नानांना सोडलं.

दिल्लीतच विमान सहा तास उशिरा सुटलं. त्यामुळं आखातातल्या विमानतळावरून पुढचं विमान निघून गेलेलं. त्यानंतरच्या विमानात बिघाड. त्यानंतरचं भरलेलं. अडतीस तास.

"इमानवाल्यांनी एक चिठ्ठी दिली मान्सागणिक," नाना सांगत होते. "ती दावली की पावात मटण घालून देत व्हते. कशाचं मटण ते दुकानवाल्याला सांगता येईना अन् सुभेदाराला इचारता येईना. तिघांनी डोळे मिटून खाल्लं. बाकीचे पाण्यावर. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी बी बंद. कुणी काय बोलत नव्हतं, पत्रक. पन टाइम झाला की अकराच्या अकरा मान्सं माझ्याकडं बघायची. सवयीनं. शिवी दिली आसती तर बरं वाटलं आसतं."

"पण नाना," मी म्हणालो, "त्या देशात बाहेरचं सैन्य जाणं तिथल्या लोकांना कसं वाटत होतं?"

"ते मागून सांगतो. आधी खिचडी ऐक."

खिचडी अशी. विमानतळावर फरशी पुसणारा एक माणूस दुसऱ्यावर ओरडला, "नक्को रे, उधर नक्को." नानांचे कान टवकारले. ही बोली त्यांनी छावणीच्या बाजारात लहानपणापासून ऐकलेली. ते तडक त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले.

"किधर के भाई?"

"हैदराबाद. आप?"

"औरंगाबाद."

"हौ? फिर तो अपनेच हैं."

त्या भल्या माणसानं नानांना एका बाजूच्या दारातून सफाई कामगारांच्या खानावळीत नेलं. तांदूळ दिले, डाळ दिली, हंड्याएवढं पातेलं दिलं. नानांनी अस्तन्या वर केल्या. खिचडी चढली. येसर पडलं. वास दारातून बाहेर गेला आणि बसल्या जागी माना टाकलेले जवान एकेक करून उठून उभे राहिले, असं नाना सांगतात. त्यांनी दाणा चेपून बघितला. तांदूळ झाला होता, डाळ अजून दाताखाली येत होती. बारा मिनिटं हवी होती.

तेवढ्यात सुभेदार पळत आले. "लांगरी, चलो. विमान लग गया."

"साब, बारा मिनट."

"विमान बारा मिनट नहीं रुकता."

इथं आल्यावर नाना दर वेळी थांबतात. मग माझ्याकडं असं बघतात, जणू विमान कंपनी माझ्या मालकीची आहे. "अडतीस तास थांबलं, तवा कुणाला इचारलं व्हतं?"

हे ते सुभेदारांना म्हणाले नव्हते. हुकूम म्हणजे हुकूम. गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि अकरा माणसं उपाशीपोटी विमानात बसली. नंतर कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. फौजेनं त्यांना चांगल्या कामाचं प्रशस्तिपत्रही दिलं. ते कुठंतरी ट्रंकेत आहे. त्या खिचडीबद्दल मात्र ते काल घडल्यासारखं बोलतात.

असा हा माणूस माझ्या उपोषणाच्या बरोबर समोर राहत होता.

आमच्या वसाहतीत एक अभ्यासिका आहे. एकच खोली, वीस खुर्च्या, दोन पंखे. घरात जागा नसलेली मुलंमुली तिथं परीक्षांचा अभ्यास करतात. मीही तिथंच केला. ती ज्या संस्थेच्या ताब्यात होती तिनं एके दिवशी दाराला कुलूप घातलं. तिथं मंगल कार्यालय निघणार होतं. अर्ज झाले, निवेदनं झाली, पत्रक झालं. मग कुलूप निघेपर्यंत अन्नाला शिवणार नाही असं लिहून मी त्या दारासमोर सतरंजी टाकली. रस्त्यापलीकडं नानांचं दार.

पहिल्या दिवशी एक वाजता नाना रस्ता ओलांडून आले. हात मोकळे. मनगटावरच्या घड्याळाकडं बघून म्हणाले, "टाइम झाला."

"नाना, माझं उपोषण आहे."

"व्हय, वाचला म्या फलक. पन म्हनून काय टाइम व्हायचा थांबतो?"

दोन मिनिटं उभे राहिले आणि गेले. रात्रीच्या जेवणाच्या वेळेला तसंच.

दुसऱ्या दिवशी वाद घातला. "ज्यानं कुलूप लावलं त्यो जेवला का आज?"

"जेवला असेल."

"मंग त्याला ठेव ना उपाशी. तुला कशाला?"

मी त्यांना सत्याग्रहाचं तत्त्व समजावलं. कोरड्या तोंडानं पंधरा मिनिटं. आत्मक्लेशानं समोरच्याचं मन पालटतं, असं सांगितलं. नानांनी सगळं ऐकून घेतलं.

"समोरच्याचं म्हंजी कुणाचं? समोर तर मी राहतो."

माझे मित्र हसले. ते पाळीपाळीनं घरी जाऊन जेवून येत होते, त्यामुळं त्यांना हसणं परवडत होतं. मी हसलो नाही, पण नानांच्या समजूतदारपणाचं मला कौतुक वाटलं होतं. एरवी उजाडल्यापासून त्यांच्या घरात भाकऱ्यांचा थापथाप आवाज आणि फोडणीचा वास. या दिवसांत काहीच नाही. मला वास येऊ नये म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली असावी, असं मी धरून चाललो. मित्रांना तसं सांगितलंही. फौजी माणूस, तत्त्वाची कदर करतो.

तिसऱ्या दिवशी नाना एक वाजता आले ते सरळ सतरंजीच्या कडेला बसले. उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. मला वाटलं, धीर देत आहेत.

चार वाजता संस्थेचे चिटणीस आले. त्यांच्या स्वतःच्या मुलीची परीक्षा महिन्यावर होती आणि ती घरी त्यांच्याशी बोलत नव्हती, असं नंतर कळलं. त्यांनी कुलूप काढलं, अभ्यासिका चालू राहील असं लिहून दिलं. कुणीतरी लिंबाचं सरबत आणलं. फोटो निघाले. घोषणा झाल्या. गर्दी पांगल्यावर बघतो तर नाना दारात उभे.

"झालं? चल."

त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच स्वयंपाकघरापर्यंत गेलो. फळीवर एवढी मोठी पातेली, की एकेकात पंचवीस माणसांचा भात व्हावा. भिंतीवर नानींची तसबीर, शेजारी एक खाट, एक खुर्ची. भुईवर एक पाट मांडलेला. गॅसवर ऊन ऊन मऊ भात आणि वरण.

"तीन दिवसाच्या पोटाला भाकर टोचती," नाना म्हणाले. "दमानं खा."

मी खाल्लं. ते समोर उभे राहून वाढत होते. एक हात ओट्यावर टेकलेला.

"तुम्हीही बसा ना."

"तू ऊठ आधी. लांगरी शेवटी बसतो."

मी हात धुवून आलो तेव्हा ते माझ्याच पाटावर टेकले होते. पहिला घास त्यांनी तोंडात धरून ठेवला. गिळायला वेळ लागला. दुसरा उचलला तर अर्धा भात ताटातच सांडला.

"नाना, तुम्ही कधी जेवला होतात?"

"तू कवा जेवला व्हता?"

"सोमवारी सकाळी."

"मंग इचारतो काय?"

ताटाकडं बघतच ते म्हणाले, "एक मानूस जरी जेवायचा बाकी आसला, तर लांगरीला ताट नसतंय. फौजेनं नाय केला हा कायदा. आमचा हाय, लांगऱ्यांचा."

"मी काय तुमच्या पलटणीतला आहे?"

"माझ्या दारासमोर बसला व्हता ना."

मी पातेल्यातला डाव उचलला आणि त्यांच्या ताटात वरण वाढलं. वाढायची मला सवय नव्हती. घरी आई वाढते, मोर्चात नाना वाढतात.

नानांनी ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"वरवरचं पानी काय वाढू राह्यला, पत्रक? डाव तळातून घाल."

मी तळातून घातला.

"हां," नाना म्हणाले. "वाढ अजून."