टाकीला भरती

"खात नाही म्हणजे काय? मी स्वतःच्या हाताने घातलंय!" प्लंबर काचेवर बोट आपटत ओरडला.

काचेच्या टाकीतला सोनेरी मासा तोंड फिरवून कोपऱ्यात थांबला होता. पोट सुटलेलं, चेहरा कायम नाराज आणि दिवसभरात काम काही नाही, म्हणून घरात त्याला 'साहेब' म्हणत. त्याच्या डोक्यावर दाणे तरंगत होते आणि साहेब ढुंकून बघत नव्हते.

"अहो, काल तुम्ही अख्खं पाणी बदललंत. रुसला असेल. उद्या खाईल," बायको म्हणाली.

विषय तिथेच संपायचा. पण सोफ्यावर मेहुणा बसला होता.

हा मेहुणा आठवडाभर बँकेच्या काउंटरवर बसे आणि सुट्टीला तळ्यावर गळ टाकून बसे. वाट बघायला लावणं आणि वाट बघणं, दोन्हींत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गळाला लावायची गांडुळं तो एका डब्यात ठेवी. त्याच्या बायकोने त्या डब्याला घरात बंदी केली होती, त्यामुळे डबा बहिणीच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्याला खेटून राही. प्लंबरने दुधाचा चहा सोडला होता, पण डबा काही सुटला नव्हता.

"भावोजी, आज पौर्णिमा आहे," मेहुणा म्हणाला.

"मग? साहेबांना सुट्टी आहे?"

"थट्टा नाही. तळ्यातले मासे पौर्णिमेला रात्रभर चांदण्यात चरतात. दिवसा मग कशाला तोंड लावत नाहीत. म्हणून तर मला पौर्णिमेला मासा लागत नाही."

"आणि अमावस्येला का लागत नाही?"

"अमावस्येची कारणं वेगळी असतात."

"अरे, पण हा ट्यूबलाइटखाली राहतो! याच्या बापाने तरी चंद्र बघितलाय का?"

"बघावा लागत नाही, भावोजी. पाण्यालाच ओढ लागते. समुद्राला भरती येते, तशी टाकीलाही थोडी—"

इथे प्लंबरचं डोकं फिरलं. चंद्राबद्दल कुणीही काहीही बोलावं, पण पाण्याबद्दल? त्याच्या घरात? त्याच्यासमोर?

"आयुष्य गेलं माझं टाक्या भरण्यात! एका टाकीला भरती आलेली बघितली नाही मी! आली असती तर लोकांनी मोटारी कशाला बसवल्या असत्या? पौर्णिमेला गच्चीवर बादल्या घेऊन बसले असते!"

"लावा पैज."

"लावली! पुढच्या पौर्णिमेला दुपारी हा मासा माझ्या हातचं खाणार. खाल्लं, की तुझा डबा या घरातून कायमचा बाहेर!"

"आणि नाही खाल्लं, तर डब्याला मधला कप्पा. कायमचा."

"ताई निकाल देईल," मेहुणा म्हणाला. ताईने दोघांकडे बघितलं आणि भांडी घासायला घेतली.

साहेब दुसऱ्याच दिवशी जेवायला लागले. महिनाभर त्यांनी इतकं खाल्लं, की प्लंबर येताजाता मेहुण्याला फोन करून सांगे, "आज अष्टमी. खाल्लं. आज नवमी. खाल्लं." पण पौर्णिमा जवळ आली तशी त्याला वेगळीच शंका छळू लागली. मेहुण्याने आदल्या संध्याकाळी येऊन साहेबांना गुपचूप गांडुळं चारली तर? भरल्या पोटी कोण दाणे खाईल? गळाला आमिष लावणारा माणूस, त्याला लाच द्यायला कितीसा वेळ?

म्हणून आदल्या दिवशी त्याने डबाच फ्रिजमधून काढला. झाकण कुणाला उघडता येऊ नये म्हणून नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी टेप त्यावर गुंडाळली. एक रीळ संपलं, दुसरं लावलं. राग जिरेपर्यंत गुंडाळत राहिला. मग तो पांढरा गोळा कुणाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवला. स्वतःच्या हत्यारांच्या पिशवीत.

पौर्णिमेच्या सकाळी फोन आला. पलीकडच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या बाईंच्या बेसिनचा नळ गळत होता. "दुपारपर्यंत आलोच," असं बायकोला सांगून तो निघाला. नळ काढला, वायसर बदलला, आता आट्यांवर टेप गुंडाळली की झालं. पिशवीत हात घातला, तर टेप नाही. म्हणजे होती. सगळीच्या सगळी डब्यावर होती.

तो बेसिनपाशी उभा राहून टेप उलगडू लागला. टेप ताणली जाई, तुटे, बोटांना चिकटे. शेवटचा वेढा त्याने जोरात ओढला, आणि त्याच वेळी झाकण सुटलं.

"नळातून गांडुळं!" दारातून बाई किंचाळल्या.

"नळातून नाही बाई, डब्यातून!"

"नळाखालीच आहेत की ती! मला दिसत नाही का?"

ती पटकन गोळा करावीत, तर ती बेसिनच्या जाळीतून एकेक करून खाली पसार होत होती. तोवर जिन्यात माणसं जमली. सोसायटीचे सेक्रेटरी वर धावले. "सकाळपासून आम्ही हे पाणी पितोय!" एक गृहस्थ पोट धरून पायरीवरच बसले. "वळवळतंय. मला जाणवतंय."

"अहो, ती गांडुळं माझी आहेत!" प्लंबर ओरडला.

सेक्रेटरी पुढे सरकले.

"तुमची?"

"म्हणजे मेहुण्याची. त्याने माशाला चोरून चारू नयेत म्हणून मी बरोबर घेऊन फिरतोय. आज पौर्णिमा आहे ना, म्हणून!"

सेक्रेटरी दोन पायऱ्या खाली उतरले. भुंकणाऱ्या कुत्र्याशी बोलावं तशा मऊ आवाजात ते म्हणाले, "हो, हो. पौर्णिमाच आहे आज. तुम्ही बसा जरा. पाणी देऊ? नको, पाणी नको."

मागून कुणीतरी कुजबुजलं, "माझ्या मामेसासऱ्यांनाही पौर्णिमेलाच व्हायचं."

"मला काही झालेलं नाही! तुमच्या टाकीच्या तोंडाला जाळी मीच बसवलीय. त्यातून गांडूळ काय, मुंगी येणार नाही!"

"मग टाकी उपसून दाखवा," पोट धरलेले गृहस्थ म्हणाले.

"दाखवतो!"

त्याने रागाच्या भरात ती भली मोठी टाकी एकट्याने उपसली, घासली, पुसली आणि सगळ्यांना एकेक करून आत वाकून बघायला लावलं. गांडूळ निघालं नाही. कुणी माफीही मागितली नाही. गृहस्थ तेवढे म्हणाले, "बरं झालं, धुवून निघाली. किती दिवस सांगत होतो."

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलेला होता आणि पोटात सकाळपासून चहाचा घोटही नव्हता.

"अभिनंदन, भावोजी!" मेहुणा उठून उभा राहिला. "दुपारी तुमची वाट बघितली, मग ताईने दाणे टाकले. साहेबांनी एका दमात फस्त केले. मी हरलो."

"माझ्या हातचं ठरलं होतं! मी नसताना खाल्लंच कसं याने?"

"अहो, जिंकलात ना?" बायको म्हणाली. "निकाल तुमच्याच बाजूने. आता तो डबा घेऊन जाऊ दे त्याला, आणि तुम्ही जेवायला बसा."

"हो, नेतोच," मेहुणा म्हणाला. "ठरलं म्हणजे ठरलं. पण फ्रिजमध्ये नाही दिसत. कुठाय?"

प्लंबरने पिशवीतून रिकामा डबा काढून टेबलावर ठेवला. मेहुण्याने आत बघितलं. मग भावोजींकडे बघितलं. "उद्या तळ्यावर जायचं होतं हो मला. भरलेला होता."

"भरून देतो!" प्लंबर गरजला. "कुणाचं काही ठेवत नाही मी! आत्ता देतो!"

तो फावडं घेऊन तरातरा अंगणात गेला. कुंपणाशी चंद्र नुकताच वर आला होता, चांगला ताटाएवढा. दिवा लावायची गरजच पडली नाही. त्या लख्ख चांदण्यात तो ओणवा होऊन माती उकरू लागला. सेक्रेटरी संध्याकाळचे फिरायला निघाले होते. त्यांनी कुंपणावरून हे बघितलं, पाऊल न वाजवता वळले आणि पलीकडच्या रस्त्याने गेले.

"अहो, दोन घास खाऊन घ्या आधी!" बायकोने खिडकीतून हाक मारली. "वाढलंय केव्हाचं!"

"मला नकोय!"

खिडकीतच टाकी होती. तिच्या बाजूला मेहुणा भावोजींचं वाढलेलं ताट हातात घेऊन उभा होता. तोंडातला घास संपवून तो म्हणाला, "ताई, मी बरोबरच सांगत होतो गं. पौर्णिमेला खात नाहीत. फक्त मी मासा चुकीचा धरला."