आप्पासाहेबांची बाजूची नजर

डोळा हा मानवी शरीरातील असा एकमेव अवयव आहे, की तो बिघडला असता दोष नेहमी दुसऱ्याला दिला जातो. गुडघा दुखला तर माणूस गुडघ्याला शिव्या घालतो. दाढ दुखली तर दाढेला. परंतु डोळा अधू झाला की माणूस आधी बल्ब बदलतो, मग पेपरवाल्यांनी शाई कमी केली असं जाहीर करतो, आणि शेवटी मोबाईल कंपनीने अक्षरं मुद्दाम बारीक केली आहेत या निष्कर्षाला येऊन शांत झोपतो.

म्हणून डोळ्यांची नियमित व सर्वंकष तपासणी अत्यंत आवश्यक आहे. याबाबत आमच्या गावात दुमत नाही. ती शेजाऱ्याने तातडीने करून घ्यावी असं प्रत्येकाचं मत आहे.

आमचं गाव कोल्हारच्या जरा पुढे, प्रवरेच्या कडेला. इथे नेत्रतपासणीची स्वतंत्र व विनामूल्य पद्धत चालत आलेली आहे. बायांची तपासणी सुईत दोरा ओवून होते (ओवता आला नाही तर सुई सुनेकडे जाते आणि डोळे निर्दोष सुटतात). पुरुषांची मोबाईलवर होते. मोबाईल नाकापासून लांब लांब नेत राहायचं. जिथे अक्षर लागेल तिथे नजर चांगली. हात संपेपर्यंत कुणी डॉक्टरकडे जात नाही, आणि आमच्या भागात माणसांचे हात चांगले लांब आहेत. मध्यंतरी कॉलेजच्या पोरांनी गावात पाहणी केली. छापील प्रश्न होता, "आपणास वाचताना त्रास होतो काय?" निम्म्या लोकांनी 'नाही'वर खूण केली. उरलेल्या निम्म्यांना प्रश्न वाचता आला नाही, त्यांनी कागद कोराच परत दिला. म्हणजे तक्रार नाही. अशा रीतीने गावाचं नेत्रआरोग्य शंभर टक्के निघालं.

अशा या निरोगी गावात आप्पासाहेब राहतात. ते नात्याने माझे चुलते (गावात सगळेच कुणाचे ना कुणाचे चुलते लागतात, पण हे खरेच लागतात). थोडा ऊस, थोडा कांदा, दोन गाई. साठीला टेकलेला, पापभीरू, हसतमुख माणूस. गाव त्यांना नुसतं आप्पा म्हणायचं. 'साहेब' हा भाग फक्त आधार कार्डावर होता. रस्त्याने जाताना ते प्रत्येकाचा रामराम घ्यायचे, उलट चौकशी करायचे, म्हशीची तब्येतसुद्धा विचारायचे. साहजिकच गावात त्यांना काडीची किंमत नव्हती.

आणि मग साधारण दोन वर्षांपूर्वी आप्पासाहेबांनी माणसं ओळखायचं बंद केलं.

पहिला मान रंभाजीला मिळाला. रंभाजी हा त्यांचा बांधाशेजारी, लहानपणापासूनचा सोबती. तो सलूनच्या दारात दाढी करून घेत बसला होता. आप्पासाहेब रस्त्याने गेले, रंभाजीने कडेने हात वर करून "राम राम आप्पा" म्हटलं. समोरून ट्रॅक्टर गाणी वाजवत चालला होता, त्यात आवाज बुडाला. आप्पासाहेब सरळ बघत निघून गेले. मान वळली नाही, पापणी हलली नाही.

रंभाजी अर्धी दाढी तशीच ठेवून विचारात पडला.

"आप्पानं काय केलं रं?" त्याने न्हाव्याला विचारलं. "कारखान्यात डायरेक्टर-बियरेक्टर झाला का काय?"

"झालं असंल काहीतरी. उगं कोन असं चालंल?"

हा तर्क बिनतोड होता. आमच्या भागात एखादा माणूस ओळख देईनासा झाला तर त्याची दोनच कारणं संभवतात: एक तर त्याने तुमच्याकडून उसने घेतलेत, किंवा तो मोठा झालाय. आप्पासाहेबांनी कधी कुणाकडून मिठाचा खडाही उसना घेतला नव्हता. म्हणजे दुसरंच.

पुढे पुरावे वाढत गेले. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने कडेने जिलेबी पुढे केली, यांनी पाहिलंही नाही. "साहेबांनी गोड सोडलं," पंगतभर झालं. कुणी बाजूने हाक मारली की ते आवाजाच्या दिशेने अख्खी मान सावकाश वळवायचे आणि माणूस सापडेपर्यंत गंभीरपणे शोधायचे. ही सावकाश मान वळवण्याची ढब इतर पुढाऱ्यांना आयुष्यभर सराव करूनही साधत नाही. पण समोर येऊन कुणी उभं राहिलं, की मात्र ते जुन्याच मायेने दोन्ही हात धरायचे आणि "लई दिवसांनी दिसलास रं" म्हणायचे. माणूस विरघळायचा. खरं तर तो रोज त्यांच्या कडेनेच जात होता.

गाव कडेने रामराम घालायचं सोडून समोर येऊन हात जोडायला लागलं. सगळ्यात आधी रंभाजी.

याच सुमारास त्यांनी मोटरसायकल सोडली. मला एकट्याला गाठून म्हणाले, "बाजूनं पोरं एकदम उगवत्यात रं. रस्ता मोकळा असतो आन् एकदम पोरगं." मी म्हटलं, हल्लीची पोरं तशीच आहेत. (माझं शिक्षण बी.एस्सी. झालेलं आहे.)

मोटरसायकल सोडली म्हणजे ड्रायव्हर आला. तो सचिन. सचिनचं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे, आणि ज्याचं वाढदिवसाचं फ्लेक्स अजून छापलेलं नाही अशा मोठ्या माणसाच्या तो कायम शोधात असतो. त्याने आप्पासाहेबांना आपल्या गाडीत मागे बसवलं आणि चौकात दहा फुटी फ्लेक्स लावलं: 'भावी जिल्हा परिषद सदस्य'. आप्पासाहेब त्याच्या कडेने रोज जायचे. महिनाभर त्यांना त्याचा पत्ता नव्हता. स्वतःच्या फ्लेक्सकडेही न बघणारा नेता तालुक्याने प्रथमच पाहिला. निवडून येणार हे त्याच महिन्यात नक्की झालं.

घरी मात्र चांगुणाकाकूंचं वेगळं चाललं होतं. जेवताना काकू नेहमी यांच्या डाव्या हाताला बसायच्या. भाकरी पुढे केली तर घेईनात, मानेने खुणावून काही विचारलं तर उत्तर नाही, पाण्याचा तांब्या मात्र रोज कलंडलेला. बाईने फार विचार केला. मग ती बसायची तिथेच बसत राहिली, पण बोलायची बंद झाली. "पुढारी झाल्यात आता. आमी कोन," एवढंच माझ्या आईजवळ म्हणाली. आईने ते मला सांगितलं. मी म्हटलं, राजकारणात कुटुंबाला त्याग करावाच लागतो.

सचिनने मग निवडणुकीची पूर्वतयारी म्हणून 'भव्य मोफत नेत्रतपासणी शिबिर' घेतलं. मंडपावर फ्लेक्स होतं. त्यावर आप्पासाहेब मोठे आणि डोळा लहान. डोळा इंटरनेटवरून घेतलेला, निळाशार; असा डोळा आमच्या तालुक्यात एकालाही नाही, तरी प्रत्येकाला तो ओळखीचा वाटला. नगरहून डॉ. राजेश्वरी मॅडम यंत्रं घेऊन सकाळीच आल्या होत्या. आल्या तशा बसून होत्या, कारण सत्कार चालू होते. पाहुण्यांनी आयोजकांचा सत्कार केला, आयोजकांनी पाहुण्यांचा. मग राहून गेलेल्यांचा. मग राहून गेल्याबद्दल रागावलेल्यांचा. पेशंट बाहेर उन्हात बसले होते. त्यांच्यापैकी दोघांचा, दमून आत आले असता, चुकून सत्कार झाला.

शेवटी सचिनने माईकवर जाहीर केलं, "आता साहेबांच्या शुभहस्ते शिबिराचं उद्घाटन म्हणून साहेबांचीच प्रतीकात्मक तपासणी होईल."

आप्पासाहेब खुर्चीत बसले. तक्ता त्यांनी वरपासून खालपर्यंत धाडधाड वाचला, सगळ्यात खालची मुंगीएवढी ओळसुद्धा. टाळ्या पडल्या. सचिन फोटो काढून निघालाच होता. पण राजेश्वरी मॅडमना प्रतीकात्मक तपासणी म्हणजे काय हे कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या समोर बसल्या.

"काका, एक डोळा हाताने झाका. माझ्या नाकाकडे बघा. बाजूला माझं बोट हललेलं दिसलं की सांगा."

त्यांनी उजवीकडे बोट हलवलं. आप्पासाहेब गप्प. डावीकडे हलवलं. गप्प. मग दुसरा डोळा. बाई दोन्ही हात पसरून बोटं नाचवतेय आणि साहेब तिच्या नाकावरून नजर ढळू देत नाहीत, हे दृश्य मंडपाने श्वास रोखून पाहिलं.

"डॉक्टरीनबाईलाबी भाव देईना गडी," रंभाजी भारावून म्हणाला.

"साहेब बारीकसारीक गोष्टीला दाद देतच न्हाईत," सचिन म्हणाला.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी डोळ्यांतला दाब मोजला. थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, वाट पाहिली, आत उजेड टाकून बराच वेळ पाहत राहिल्या. मग खुर्ची जवळ ओढली.

"काका, काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. कडेची नजर बरीच गेलेली आहे."

"पर मी तर समदं वाचलं."

"समोरचं शेवटपर्यंत दिसतं, म्हणून तर कुणाला कळत नाही. दुखत नाही, खुपत नाही. नंबर काढला की तपासणी झाली असं लोक समजतात. दाब बघायचा असतो, आतली नस बघायची असते, कडा बघायच्या असतात. दरवर्षी आला असतात तर आधीच सापडलं असतं."

"आता?"

"गेलेली परत येत नाही. राहिलेली आहे ती टिकवायची. रोज थेंब, आणि मी सांगेन तेव्हा नगरला यायचं. एकदाही चुकवायचं नाही."

सचिनचा चेहरा पडला. त्याने मॅडमना खांबाआड नेलं. तिथे मी आधीच उभा होतो.

"म्याडम, हे इलेक्शन होईपर्यंत पुढं ढकलता यील का?"

"काचबिंदूला आचारसंहिता लागू नसते."

"तसं न्हाई. पर लोकांना कळलं की साहेबांना दिसतच न्हाई, तर लोक म्हनतील ह्यांना मस्ती नव्हतीच. मग त्यांना मत कोन देईल?"

मॅडमनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याचीही बाहुली मोठी करून आत काय आहे ते बघावं असं त्यांच्या मनात आलं असावं.

सचिनने मग तेच आप्पासाहेबांच्या कानात सांगितलं. आता खरं म्हणजे आप्पासाहेबांनी त्याला हाकलायला हवं होतं. पण साठ वर्षं ज्याला आप्पा म्हणतात त्याला दोन वर्षं साहेब म्हटलं, की त्याची चव लागते. ते खाली बघत म्हणाले, "म्याडम, इलेक्शन झाल्यावर येतो की. आता कसं, लोकांचा विश्वास हाय."

"तोवर बोअरच्या पायपातून बघितल्यासारखं दिसेल, काका. आणि मग तेही नाही."

"चालंल की तेवढे दिस."

हे सगळं चांगुणाकाकू मागे उभ्या राहून ऐकत होत्या. मागे आणि डावीकडे. म्हणजे आप्पासाहेबांच्या हिशेबाने कुठेच नाही. बाई मंचावर गेली, सत्काराचे उरलेले नारळ पायाने बाजूला सारले आणि माईक हातात घेतला.

"आयका. आमच्या ह्यांना कडंचं दिसत न्हाई. दोन साल कुनाचा रामराम घेतला न्हाई तो मस्ती म्हनून न्हाई. डोळं गेल्यात. राग धरला असंल तर सोडा. मीबी सोडते. आन् ज्याला बोलायचं त्यानं म्होरं येऊन बोला."

पहिला उठला रंभाजी. त्याचा चेहरा लुटल्यासारखा झाला होता.

"म्हंजी त्या दिशी सलूनफुडं माझा अपमान झालाच न्हाई?"

"न्हाई भावजी. तुमी दिसलाच न्हाई."

"मग दोन साल मी हात कशापायी जोडत हुतो?"

लोक एकेक करून उठले. आपल्याला इतके दिवस तुच्छ लेखलं गेलं नव्हतं, ही फसवणूक त्यांच्या जिव्हारी लागली. संध्याकाळपर्यंत आप्पासाहेबांचे पुन्हा आप्पा झाले. दहा फुटी फ्लेक्स आता त्यांच्याच कांद्यावर झाकायला आहे, तोंड खाली करून. त्या दिवशी मंडप रिकामा झाला तरी आप्पा खुर्चीवर तसेच बसून होते. काकू खाली उतरल्या आणि फिरून त्यांच्या समोर आल्या.

"तू रुसली हुतीस?" आप्पांनी विचारलं.

"दोन साल."

"मला वाटलं तू माहेरी जास्त राहायला लागलीस."

आता थेंब काकू टाकतात, जेवणाआधी, समोर बसून. एकदाही चुकलेला नाही. मॅडम म्हणाल्या, राहिलेलं आहे तेवढं नीट सांभाळलंत तर शेवटपर्यंत पुरेल.

गोष्ट इथे संपली असती, पण तालुक्यात तिची वेगळीच कीर्ती झाली. ज्या ज्या पुढाऱ्याला गरीब माणूस दिसत नाही अशी तक्रार होती, त्या सगळ्यांनी राजेश्वरी मॅडमकडे रांग लावली. आपल्यालाही काचबिंदू असावा अशी त्यांची नम्र अपेक्षा होती. निवडणुकीच्या तोंडावर तसा दाखला मिळाला असता तर बऱ्याच गोष्टींचा खुलासा झाला असता. मॅडमनी प्रत्येकाची पूर्ण तपासणी केली. दाब, नस, कडा, सगळं. एकाच्याही डोळ्यात दोष निघाला नाही. त्यांना बाजूचं सगळं स्वच्छ दिसत होतं. बरीच वर्षं.

तेव्हा आता तुमची तपासणी करू. साधी आहे, घरच्या घरी होते. नजर याच ओळीवर ठेवा, हलवू नका. तुम्ही वाचायला बसलात तेव्हापासून तुमच्या कडेला कुणीतरी उभं आहे. घरचंच माणूस असावं. काहीतरी विचारायचं आहे आणि तुमचं वाचून होण्याची वाट बघतंय. ते माणूस दिसलं नसेल, तर उद्याच्या उद्या जाऊन डोळ्यांची पूर्ण तपासणी करून घ्या आणि दरवर्षी करत राहा. वेळेत गेलात तर थेंबांवर भागतं.

दिसलं असेल, आणि तरीही तुम्ही इथपर्यंत वाचत आला असाल, तर तुमचे डोळे उत्तम आहेत. त्यावर थेंब निघालेले नाहीत.