शून्याचा शोध

"या महिन्यात दिसणार म्हणजे दिसणारच!"

हे वाक्य शून्या चार वर्षं दर महिन्याला म्हणत होता.

शून्या हे त्याचं नाव नव्हे, कमाई. संस्थेच्या तळघरात, शिशाच्या विटांच्या आत एक डबी. डबीत एका धातूचा तुकडा. त्यातला एखादा अणू कधीतरी आपणहून फुटतो, असं गणित म्हणतं. आजवर कुणी पाहिलेलं नाही. शून्याने पाहायचं, मग डॉक्टरेट! चार वर्षांची मोजणी शून्य. आई रोज फोनवर विचारायची, "दिसलं का रे?" इतक्या हळू, जणू घरात कुणी आजारी आहे.

आता तर संचालकबाईंनी बजावलंच होतं. सोमवारपर्यंत काही दिसलं नाही, तर तळघर मोडक्या खुर्च्यांना!

म्हणून नवा, शेवटचा तुकडा मार्गदर्शक सरांनी स्वतः डबीत ठेवला. डबीचं लेबलही त्यांनीच जिभेवर ओलं करून चिकटवलं. तीस वर्षांचा नेम! त्यात आदल्या दिवसापासून सर मुक्कामालाच तळघरातल्या पलीकडच्या खोलीत. उशी, चादर, सगळं! काय ही निष्ठा! फक्त जवळ गेलं की खेकसायचे, "लांब उभा राहा!"

दुसऱ्या सकाळी पडद्यावरच्या आलेखात हा एवढा सुळका!

"सर! फुटला!"

"लांबून बोल. काय फुटलं?"

"अणू! एक नाही, हजारो!"

सुळका हवा त्या जागेच्या जरा बाजूला होता खरा. पण चार वर्षांनी आलेला पाहुणा दारातून आला की खिडकीतून, कोण बघतं! शून्याने आईला कळवलं, आईने मावशीला. दहा मिनिटांत खानदानभर बोभाटा! संचालकबाईही धावत खाली आल्या.

तेवढ्यात सरांच्या घरून काकूंचा फोन. शून्याने ऐटीत स्पीकर लावला.

"अरे, सर फोन उचलत नाहीत. बरे आहेत ना? परवा थायरॉइडची ती किरणोत्सारी गोळी घेतलीय त्यांनी. आठवडाभर माणसांपासून लांब राहायचंय. घरात नात आहे ना, म्हणून म्हणाले, तळघरात राहतो, तिथे काही नसतंच! आणि हो, त्यांचा पेला वेगळा ठेव हं. थुंकीत फार उतरतं म्हणे."

संचालकबाई सरांपासून दोन पावलं मागे सरल्या.

"मध्ये शिसं आहे!" सर उसळले. "गणित केलंय मी!"

"आणि लेबल, सर?"

सरांची जीभ सवयीने बाहेर आली आणि झटकन आत गेली.

संचालकबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "जगाला न दिसलेलं पकडायला बसलात आणि स्वतःची थुंकी पकडलीत! यंत्र मात्र झकास आहे. एक वर्ष देते. पण आधी तुमचं ते शून्य परत आणा."

डबी चार वेळा धुतली. सुळका बुटका झाला, पण जाईना. गोळीतला तो ऐवज आठ-आठ दिवसांनी निम्मा होतो, त्याला घाई करता येत नाही. चार वर्षं शून्याला कंटाळलेला शून्या आता रोज शून्याची वाट बघत बसतो.

संध्याकाळी आईचा फोन येतो. तोच हळू आवाज.

"आलं का रे शून्य?"

"नाही गं. अजून खूप दिसतंय."