जोईए

इंगळेकाकांना एक मोटार घ्यावी की न घ्यावी हे ठरवायला सात वर्षं लागली. तेवढ्या काळात देशात नव्या गाड्यांचा पूर आला, घरोघरी केबल आली, पेजर येऊन गेलासुद्धा. काकांचं ठरतच होतं.

काका बडोद्याच्या मांडवीतले आमचे शेजारी. एकटे, निवृत्त ड्रॉइंग मास्तर, पणजोबा घोडदळात. आणि मोटार डभोईच्या रमणभाईंच्या बियाण्यांच्या गोदामात. रमणभाईंचा मुलगा अमेरिकेला जाताना ती ठेवून गेलेला. लाल, परदेशी, दोनच माणसांची, इंजिन सीटच्या पाठीमागे. इतकी बुटकी की खालून जाताना मुंगीसुद्धा वाकायची.

"घोडा मांडीखाली असावा," काका कुरकुरायचे. "पाठीमागे असतो तो शत्रू!"

पहिल्याच रविवारी घोटाळा झाला. रमणभाईंनी विचारलं, "जोईए छे?" म्हणजे, हवीय का? काका म्हणाले, "जोईए." म्हणजे, बघू या. गुजरातीत दोन्हीला शब्द एकच! रमणभाईंनी लगेच गाडीला हार घातला, अर्ध्या डभोईला पेढे वाटले. इकडे काकांनी पुढचं बॉनेट उघडलं आणि किंचाळले, "अहो, इंजिन चोरीला गेलंय!"

घोटाळा निस्तरला, पण तेव्हापासून दर रविवारी डभोईची आठची बस. टायर दाबायचे, आत बसायचं (बाहेर काढायला दोन हमाल लागत), मग रमणभाईंबरोबर शेव-उसळ, चहा, जेवण, पुन्हा चहा. निघताना प्रश्न तोच, उत्तर तेच.

एका शनिवारी रमणभाईंचा मला फोन. मुंबईचं गिऱ्हाईक उद्या दुपारी गाडी न्यायला येतंय, काकांना सांगा.

काकांना निरोप दिला आणि रविवारी मीही बरोबर गेलो. बसमध्ये काका घोड्याबद्दलसुद्धा बोलले नाहीत. गोदामात रमणभाई गाडी पुसत होते. पुसलेलीच पुन्हा पुसत होते.

"इंगळेसाहेब, छेल्ली वार पूछुं छुं. जोईए छे?" रमणभाईंनी शेवटचं विचारलं.

काकांनी टायर दाबला. मग दुसरा दाबला. "न घेतली तर ही मुंबईला जाणार. घेतली तर बडोद्याला. मग रविवारी मी यायचं कुठं?"

रमणभाईंचा हात थांबला. मुलाच्या खोलीला कुलूप लावल्यापासून त्यांच्याकडेही दुसरं कोण येत होतं?

"घेतली!" काका एकदम म्हणाले. "पण राहील इथंच."

रमणभाईंनी घाईघाईनं फडक्यानं डोळे पुसले. नाकावर ऑइलचा काळा पट्टा उठला.

"तो... आवता रविवारे?" त्यांनी पुढच्या रविवारचं विचारलं.

"जोईए," काका म्हणाले.

या वेळी अर्थ कुणीच विचारला नाही.