सगळ्या देशांत पहिला नंबर

माणूस खोटं बोलायच्या आधी त्याच्या कानाची पाळी हलते आणि ती आपल्याला बरोब्बर दिसते, असा भिंगसाहेबांचा दावा होता. नगरपालिकेच्या हिशेब खात्यात ते तपासनीस होते. भिंगसाहेब हे नाव कचेरीने ठेवलेलं. खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं, कारण बायको "अहो" म्हणायची. "मला फसवणारा अजून जन्माला यायचाय!" हे वाक्य ते जेवणाच्या सुट्टीत अशा थाटात म्हणत की समोरचा माणूस उगाचच आपला डबा झाकून घेई.

एके दिवशी त्यांना मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं.

"वेगवेगळ्या देशांत सरकारी पैशाचा कारभार बघणाऱ्यांना काय काय शिकावं लागतं, कुठल्या पदव्या घ्याव्या लागतात, त्याची तुलना करा," साहेब म्हणाले. "आपली खात्याची परीक्षाही त्यात घाला. कुठली पक्की, कुठली कच्ची, स्पष्ट लिहा."

"कशासाठी?"

"असंच. समितीला हवंय."

असंच! सरकारी कचेरीत पंखासुद्धा असंच फिरत नाही! त्यातून ते दारापर्यंत पोचले तेव्हा साहेबांनी मागून विचारलं, "काय हो, थंडी सोसते ना तुम्हाला?"

कचेरीत थंड जागा एकच होती, तळघरातली दप्तरखोली. तिथे ओल होती, झुरळं होती आणि नको झालेले अधिकारी होते. म्हणजे डाव असा होता तर! खात्याची परीक्षा कच्ची ठरवायची आणि ती पास झालेल्याला तळघरात ढकलायचं. शिवाय त्याचा पुरावा त्याच्याच हातून लिहून घ्यायचा!

घरी आले तर बायको फोनवर कुजबुजत होती. ते दिसताच तिने फोन ठेवला.

"कोण होतं?"

"साहेबांच्या मिसेस. सकाळी फिरायला येतात ना बागेत, त्या."

"काय म्हणत होत्या?"

"काही नाही, असंच."

इथेही असंच! पलंगावर त्यांचा लोकरी स्वेटर ऊन दाखवून, घडी करून ठेवला होता. कपाटावरची मोठी बॅग खाली आली होती.

"हा स्वेटर कशाला?"

"कसर लागते हो," ती म्हणाली आणि गालातल्या गालात हसली.

नवऱ्याची तळघरात रवानगी होणार आणि ही हसते! त्यांना जेवण गेलं नाही. मग लेकीचा फोन आला. ती दूरच्या थंड देशात राहायची. तिला मुलगा झाला होता, पण आजोबांना दर वेळी रजा नाकारली जायची, आणि नातू त्यांनी अजून पडद्यावरच पाहिला होता. त्याला एकदा मांडीवर घ्यावं, या एका इच्छेपायी हा खडूस माणूस पाघळायचा. "लवकरच भेट होईल बाबा," लेक म्हणाली. तिच्या स्वरातही त्यांना काहीतरी शिजत असल्याचा वास आला. बायको, साहेब, लेक, सगळे एकमेकांना सामील!

दुसऱ्या दिवशी तिजोरीवाल्या बाई टेबलाशी आल्या. कचेरीची रोकड सांभाळणाऱ्या या बाई एकट्या राहायच्या, आणि त्यांनी घरबसल्या एका बेटावरच्या देशाची पदवी मिळवली होती.

"तुलना करताय ना? माझ्या अभ्यासक्रमाची माहिती देऊ का?"

"आपणहून देताय?"

"हो, मदत म्हणून."

मदत! भिंगसाहेबांनी त्यांच्या कानाच्या पाळीकडे रोखून बघितलं. पाळी हलली नाही. म्हणजे बाई मुरलेल्या आहेत, एवढंच त्यांनी ताडलं.

मग त्यांनी कंबर कसली. बेटावरच्या देशात परीक्षेला पुस्तक उघडायची मुभा होती. गुण कापा! थंड देशात उमेदवारांना प्रत्यक्ष खात्यात नेऊन शिकवत. म्हणजे पुस्तकातलं येत नसणार, कापा! एका देशात मास्तर विद्यार्थ्यांना चहा पाजत. हा तर उघड उघड लाचेचा प्रकार! आपल्या खात्याच्या परीक्षेचं मात्र तसं नव्हतं. तिच्यात जवळजवळ सगळे नापास होत. खुद्द भिंगसाहेब धडपडत, ठेचकाळत पास झाले होते. म्हणून त्यांनी "नापास होण्याची सोय" असा एक खास रकानाच काढला आणि त्यात खात्याच्या परीक्षेला पैकीच्या पैकी गुण दिले.

तक्त्यात खात्याची परीक्षा सगळ्या देशांच्या डोक्यावर जाऊन बसली. तिजोरीवाल्या बाईंची पदवी तळाला गेली. खाली त्यांनी ठसठशीत शेरा मारला: "ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास जगातील कोणत्याही देशात काहीही शिकण्याची गरज नाही." मग सही, शिक्का, आणि अहवाल थेट समितीपुढे!

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. ते डोक्याला हात लावून बसले होते.

"अहो, काय करून बसलात! ज्याची पदवी किंवा परीक्षा सगळ्यांत कच्ची त्याला शिकायला पाठवायचं होतं. भरपगारी, वर्षभर, थंड देशात! सोबत एका माणसाचाही खर्च कचेरीचा. आमची परीक्षा कच्ची आहे, एवढं एक वाक्य तुम्ही लिहायचं होतंत!"

भिंगसाहेबांनी विचारलं, "मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमच्या मिसेस नको म्हणाल्या. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही स्वतःवरच आक्षेप काढला असता."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

"साहेब, अहवालात किंचित दुरुस्ती..."

"सही झालेल्या अहवालात टिंबसुद्धा बदलायचं नाही, हा नियम कोणी आणला?"

नियम त्यांचाच होता, आणि तो आणल्याबद्दल त्यांनी स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

घरी बायकोने सगळं ऐकलं आणि रिकाम्या बॅगेवर बसून राहिली. तिने आदळआपट केली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. "पहिले आलात म्हणे," एवढंच ती म्हणाली. त्यांना अगदी भडभडून आलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात तिजोरीवाल्या बाई होत्या.

"मला पाठवताहेत," त्या म्हणाल्या. "माझ्या सोबत यायला घरचं कुणी नाही. नियमात नुसतं 'सोबत एक माणूस' असं आहे, नातं लिहिलेलं नाही. वहिनी, तुम्ही येता का? लेकीचं घर तिथून जवळच आहे ना?"

भिंगसाहेबांनी सवयीने पाळीकडे बघितलं आणि ओशाळून नजर वळवली. सोबतीच्या माणसाचा कागद तपासायला अर्थातच त्यांच्याच टेबलावर आला. तो त्यांनी उलटसुलट वाचला, आणि उभ्या आयुष्यात कधी न लिहिलेले दोन शब्द लिहिले: "आक्षेप नाही."

आता ते घरी एकटे भात करपवतात. परवा बायकोचा फोन आला. पडद्यावर तिच्या मांडीवर नातू होता आणि शेजारी तिजोरीवाल्या बाई. भिंगसाहेबांचे डोळे भरून आले.

"कुणावर गेलाय गं?" त्यांनी विचारलं.

बायकोच्या आधी बाईच बोलल्या, "तुमच्यावर! मी उचलून घेतलं की रडत नाही काही, नुसता माझ्या कानाकडे बघत बसतो!"